लाटांचा आवाज, जहाजांचा आवाज: अरबी समुद्राखालच्या गोंगाटाचा आढावा

पनवेलजवळच्या सुकापुरातून समुद्र दिसत नाही, पण न्हावा-शेवाच्या जेएनपीए बंदराचा आवाज इथल्या माणसाच्या चांगल्या ओळखीचा आहे. पळस्पे फाट्यावर किंवा कळंबोलीच्या चौकात कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची जी रांग लागते, तिच्यातले कितीतरी ट्रेलर न्हावा-शेवाहून आलेले असतात, नाहीतर तिकडे निघालेले असतात. २०२४ या एका वर्षात या बंदराने वीस फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. ट्रेलरच्या आवाजाचा त्रास झाला तर तक्रारीला कायद्याचा आधार आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तोच कंटेनर ज्या जहाजातून आला, त्या जहाजाने पाण्याखाली केलेल्या आवाजाला मात्र हे नियम लागू होत नाहीत. ते हवेतल्या आवाजासाठी आणि माणसाच्या कानासाठी केलेले आहेत.

पाण्याखालच्या आवाजावर जगभर पाऊणशे वर्षे अभ्यास चालू आहे. समुद्र मुळातच किती आवाजी आहे, त्यात माणसाने किती भर घातली, त्या भरीने कोणाचे काय बिघडते आणि त्यावर काही करायचे की नाही, असे हे प्रश्न आहेत. काहींची उत्तरे पक्की झाली आहेत, काहींवर जाणकारांत प्रामाणिक मतभेद आहेत. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणच्या नव्या बंदराचे काम सुरू असताना आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने हा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा.

पाण्यातला डेसिबल

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. उजेड पाण्यात फार खोल पोचत नाही आणि कोकणच्या गढूळ पाण्यात तर हातभर अंतरावरचेही दिसत नाही. आवाज मात्र दूर जातो, आणि कंप्रता जितकी कमी तितका जास्त दूर. १९९१ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, हर्ड बेटाजवळ, ५७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज पाण्यात सोडून पाहिला, तेव्हा तो अटलांटिक आणि पॅसिफिक अशा दोन्ही महासागरांत ऐकू आला. समुद्रातले प्राणी कानावर इतके का विसंबतात, हे यावरून समजते.

डेसिबलच्या आकड्यांबाबत मात्र सावध राहावे लागते. हवेतला डेसिबल २० मायक्रोपास्कल हा पाया धरून मोजतात, पाण्यातला १ मायक्रोपास्कल धरून. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी दाट आहे. त्यामुळे तेवढ्याच तीव्रतेच्या आवाजाचा पाण्यातला आकडा हवेतल्यापेक्षा सुमारे ६२ ने मोठा येतो. मोठ्या कंटेनर जहाजाचा आवाज १८८ डेसिबलपर्यंत मोजला गेला आहे. हा आकडा जहाजापासून एक मीटरवरचा म्हणून गणिताने काढतात. बातम्यांत तो थेट जेट विमानाशेजारी ठेवला जातो, ते चुकीचे आहे. दोन्ही बाजूंच्या प्रचारात ही गल्लत इतकी होते की चर्चेचा पायाच हलतो.

पाणबुड्यांपासून सुरुवात

या विषयाचा उगम युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुडीचा कानोसा घेताना समुद्राचा स्वतःचा आवाज आड येऊ लागला, म्हणून तो मोजणे भाग पडले. उथळ, उष्ण पाण्यात तेलात मोहरी तडतडावी तसा एक अखंड आवाज येई. तो चिमटी वाजवणाऱ्या बोटभर कोळंब्यांचा असल्याचे त्याच काळात कळले. क्नुडसेन, आल्फर्ड आणि एमलिंग यांनी १९४८ मध्ये या मोजमापांचे सार छापले. समुद्र जितका खवळलेला तितका पाण्याखालचा आवाज मोठा, हे त्यांनी आलेखांनी दाखवले.

१९६२ मध्ये गॉर्डन वेन्झ यांनी सगळा पसारा एकाच आलेखात बसवला. दहा हर्ट्झपासून काही शे हर्ट्झपर्यंत दूरच्या जहाजांचा आवाज वरचढ असतो. काही शे हर्ट्झपासून दहा-वीस हजारांच्याही पुढपर्यंत वारा आणि लाटांचे राज्य असते. त्याच्याही वर पाण्याच्या रेणूंच्या हालचालीचा आवाज उरतो. आजही या क्षेत्रातला नवखा संशोधक सर्वांत आधी वेन्झचा आलेख समोर घेतो. समुद्राच्या आवाजात जहाज हा कायमचा घटक झाला आहे, याची शास्त्रीय कबुलीही त्या आलेखाने दिली.

लाट फुटते तेव्हा

न फुटलेली लाट आपल्याला ऐकू येण्याजोगा आवाज जवळजवळ करतच नाही. आवाज फेसाचा असतो. लाट कोसळली की हवा पाण्यात कोंडली जाते, तिचे असंख्य बुडबुडे होतात, आणि प्रत्येक बुडबुडा जन्माला येताना क्षणभर आकुंचन-प्रसरण पावत कंपतो. मिनार्ट यांनी १९३३ मध्ये याचे गणित मांडले. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३,२६० हर्ट्झचा सूर काढतो, एक सेंटिमीटरचा सुमारे ३२६ हर्ट्झचा. त्याआधी, १९२० मध्ये, कलकत्त्यात सी. व्ही. रामन आणि आशुतोष दे यांनी पाण्यात वस्तू पडताना होणाऱ्या आवाजावर निबंध लिहिला होता, ही आपल्याकडची एक विसरलेली नोंद. सुकापूरजवळून वाहणाऱ्या गाढी नदीला जुलैत पाणी चढले की दगडांवरून खळखळाट ऐकू येतो, तोही पाण्यात अडकलेल्या हवेचाच. मिनार्टच्या निबंधाचा विषयच वाहत्या पाण्याचा आवाज हा होता.

मोठी लाट फुटली की बुडबुड्यांचा ढग तयार होतो, आणि तो सगळा ढग एकत्र हलतो तेव्हा सूर खाली उतरून काही शे हर्ट्झवर येतो. म्हणजे लाटांचा आवाज जहाजांच्या हद्दीत शिरतो. वेन्झ यांनी एक सोपा आडाखाही दिला होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की लाटांचा आवाज सुमारे पाच डेसिबलने चढतो. हा संबंध इतका भरवशाचा आहे की पाण्याखालचा आवाज ऐकून वरच्या वाऱ्याचा वेग सांगण्याचे तंत्र त्यातूनच निघाले. पावसालाही स्वतःचा आवाज आहे. भुरभुर पावसाचे थेंब पाण्यात छोटे बुडबुडे अडकवतात आणि सुमारे १५ हजार हर्ट्झवर एक टोकदार उंचवटा दिसतो. मुसळधार पावसाचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरतो. वादळी वाऱ्यात मात्र गंमत होते. पृष्ठभागाखाली साचलेला बुडबुड्यांचा थर वरच्या कंप्रतांचा आवाज स्वतःच गिळू लागतो.

जहाजाचा पंखा

जहाजाच्या आवाजाचेही मूळ बुडबुड्यांतच आहे. पंखा वेगाने फिरला की पात्याच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की पाण्याची वाफ होऊन पोकळ्या बनतात. पुढच्याच क्षणी दाब वाढून त्या फुटतात. या फुटण्याचा आवाज म्हणजे मालवाहू जहाजाच्या गोंगाटाचा सर्वांत मोठा वाटा. पाच पात्यांचा पंखा मिनिटाला ८० फेरे घेत असेल तर पाणी सेकंदाला सहा-सात ठोके खाते. ते ठोके आणि त्यांच्या पटीतले सूर दूरवर जातात. चिमटी वाजवणाऱ्या कोळंबीचा आवाजही चिमट्यांच्या आपटण्याचा नसून अशाच फुटणाऱ्या पोकळीचा असतो, हे २००० साली अतिवेगवान चित्रणातून सिद्ध झाले. जहाजाच्या आवाजात इंजिन आणि जनरेटरची घरघर आणखी भर घालते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ठरावीक वेगाच्या खाली पोकळ्या बनतच नाहीत. म्हणून वेग, पंख्याची घडण आणि पंख्याकडे येणारे पाणी किती सरळ आहे, या तीन गोष्टींवर जहाजाचा आवाज बराचसा ठरतो.

वाढतो आहे का?

हा वादाचा पहिला मोठा मुद्दा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकात नौदलाने घेतलेल्या नोंदी हाताशी होत्या. त्याच जागी चाळीस वर्षांनी पुन्हा मोजले, तेव्हा सान निकोलस बेटाजवळ ३० ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज १० ते १२ डेसिबलने वाढलेला आढळला. दहा डेसिबल म्हणजे ऊर्जा दहापट. दर दशकाला तीन डेसिबल, म्हणजे दर दशकाला ऊर्जा दुप्पट, हे वाक्य त्यानंतर सगळीकडे फिरू लागले.

पण चित्र इतके सरळ राहिले नाही. त्याच ईशान्य पॅसिफिकमध्ये पुढच्या नोंदींत वाढ थांबलेली, काही ठिकाणी उतरलेली दिसली. अणुचाचणीबंदी करारासाठी महासागरांत बसवलेल्या हायड्रोफोनांच्या, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनांच्या, नोंदी तपासल्या, तेव्हा अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाजवळ आणि पॅसिफिकमधल्या वेक बेटाजवळ सरसकट वाढ आढळली नाही. आपल्या हिंदी महासागरात, दिएगो गार्सियाजवळ मात्र २०१३ साली छापल्या गेलेल्या अभ्यासात दशकभरातली वाढ नोंदवली गेली. म्हणून 'सगळ्या जगात सारखी वाढ' हा दावा आज टिकत नाही. 'कुठेच वाढ नाही' हाही टिकत नाही. व्यापारी मार्ग कुठून जातात, जहाजे किती वेगाने चालतात, त्या पट्ट्यात देवमासे किती गातात, दक्षिण ध्रुवाजवळ बर्फाचे कडे किती तुटतात, या सगळ्यांवर उत्तर बदलते.

कोणाचे काय बिघडते

नुकसानीच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा अनपेक्षितपणे हाती आला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची ये-जा अचानक कमी झाली आणि पाण्याखालचा आवाज सहा डेसिबलने उतरला. त्याच काळात गोळा झालेल्या राइट देवमाशांच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाणही उतरलेले सापडले. हा निष्कर्ष २०१२ मध्ये छापला गेला. नमुने थोडे होते, हा आक्षेप त्यावर आहे, आणि तो रास्त आहे. पण असा प्रयोग ठरवून कोणाला करता आला नसता.

आवाज झाकोळून टाकणे हा परिणाम सर्वांत निर्विवाद. देवमासे आणि डॉल्फिन गोंगाटात आवाज चढवतात, सूर बदलतात किंवा गप्प होतात. लहान माशांवरचे प्रयोगही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या प्रवाळांवर मोटारबोटीचा आवाज चालू असताना शिकारी माशाने दुपटीहून अधिक पिल्ले खाल्ली, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. तेलशोधासाठी वापरल्या जाणाऱ्या हवेच्या तोफांबद्दल मात्र निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. एका अभ्यासात हजार मीटरहूनही दूरचे प्राणिप्लवंग मेलेले आढळले, दुसऱ्यात परिणाम दहा मीटरच्या आतच थांबला. मुंबई हायच्या परिसरात असे सर्वेक्षण निघाले की मच्छीमार आणि तेल कंपनी यांच्यात तक्रारी होतात, तेव्हा दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा अभ्यास सापडतो.

संशयाच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा असा: समुद्र कधीच शांत नव्हता. वादळ, पाऊस, कोळंब्या, माशांचे थवे यांच्या गोंगाटातच या प्राण्यांचे कान घडले. एका जिवाच्या वागण्यात फरक पडला म्हणजे त्या जातीची संख्या घटली, असे होत नाही. वर्तनातला बदल ते संख्येतली घट, हा पूल अजून फार थोड्या जातींबाबत बांधता आला आहे. दुसरी बाजू यावर म्हणते, की वादळ येते आणि जाते, जहाजांचा मार्ग वर्षाचे ३६५ दिवस चालू असतो. नुकसान सिद्ध होण्याची वाट पाहिली तर ज्या जातींचे शंभर जीवही उरलेले नाहीत त्यांच्यासाठी फार उशीर होईल. मला ही दुसरी मांडणी अधिक पटते, पण पहिलीतला प्रश्न तिने सोडवलेला नाही, हेही मान्य करायला हवे.

आपला किनारा: उथळ, गाळाचा, पावसाळी

वर सांगितलेली मोजमापे बहुतेक खोल समुद्रातली आहेत. मुंबई बंदर, पनवेलची खाडी, उरण-करंजाचे पाणी यांना ती जशीच्या तशी लावता येत नाहीत. उथळ पाण्यात कमी कंप्रतेचा आवाज मावतच नाही. तळ वाळूचा आणि पाणी दहा मीटर खोल असेल तर साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज थोड्या अंतरात तळात शिरून नाहीसा होतो. तळाशी मऊ गाळ असेल तर तो आणखी आवाज पितो. म्हणजे महाकाय जहाजाची जी घुमघुम खोल समुद्रात हजार किलोमीटर जाते, ती बंदराच्या आत लवकर मरते. उरतो तो मधल्या आणि वरच्या कंप्रतांचा आवाज: टगबोटी, ड्रेजर, भाऊचा धक्का ते मोरा आणि गेटवे ते मांडवा धावणाऱ्या लाँच, आणि मासेमारीच्या हजारो यांत्रिक बोटी. जहाजांच्या स्वयंचलित ओळख-संदेशांवरून जगाचे जे ध्वनिनकाशे बनवतात, त्यांत या लहान बोटी बहुतांशी उमटतच नाहीत. आपल्याकडे 'जहाजांचा आवाज' म्हणताना बराचसा 'बोटींचा आवाज' म्हणावे लागेल.

याच मधल्या पट्ट्यात आपले मासेही बोलतात. घोळ, कोथ, ढोमा हे एकाच कुळातले मासे. पोटातल्या भोतावर, म्हणजे हवेच्या पिशवीवर, खास स्नायू आपटून ते गुरगुरल्यासारखा आवाज काढतात, आणि प्रजननाच्या दिवसांत थव्याने काढतात. या कुळातल्या माशांचा आवाज साधारण शंभर ते हजार हर्ट्झमध्ये येतो, म्हणजे बोटीच्या इंजिनाच्या ऐन हद्दीत. याच भोतामुळे घोळीला सोन्याचा भाव येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे इथल्या एका बोटीला १५७ घोळी लागल्या आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले. ज्या अवयवासाठी हा मासा विकला जातो त्याच अवयवाने तो जोडीदाराला बोलावतो, आणि बोलावणे गोंगाटात बुडाले तर पुढची पिढी किती घटते, हा प्रश्न कोकणात देवमाशांच्या प्रश्नापेक्षा जास्त घरांना भिडतो.

डॉल्फिनांबद्दल थोडे अधिक माहीत आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणाऱ्या हम्पबॅक डॉल्फिनांच्या शिट्ट्या सिंधुदुर्गाच्या समुद्रात ईशा बोपर्डीकर, दीपानी सुतारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रित करून त्यांचे वर्गीकरण २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्रांदे बेटाभोवतीचा कोळंबी-माशांचा आवाज नोंदवला. गोव्याच्याच किनाऱ्यालगत अरबी समुद्रातल्या हम्पबॅक देवमाशाचे गाणे टिपले गेले. हा देवमासा इतर हम्पबॅकांसारखा ध्रुवाकडे जात नाही, बारा महिने याच समुद्रात राहतो, आणि ओमानच्या किनाऱ्यावरची त्याची गणना शंभराच्या आत आहे. २०१७ मध्ये ओमानला उपग्रह-यंत्र लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली आणि किनाऱ्याने दक्षिणेला गेली, तेव्हा ओमान आणि भारत यांचे देवमासे एकमेकांशी जोडलेले आहेत हे उघड झाले.

किनाऱ्याला लागणाऱ्या देवमाशांचा संबंध मात्र घाईने आवाजाशी जोडू नये. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा जिवंत आला आणि वाचला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेले पिल्लूही समुद्रात परत पाठवायची शर्थ करूनही गेले. आजार, जहाजाची धडक, जाळे, आईपासून ताटातूट अशी कितीतरी कारणे असतात. आवाज हे त्यांतले एक संभाव्य कारण आहे, आणि संभाव्यतेच्या पलीकडे जायला त्या जागेच्या त्या दिवसांच्या नोंदी लागतात.

आता कोकणच्या वर्षाकडे पाहू. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा लाटा फोडत राहतो, तेव्हा निसर्गाचा आवाज टिपेला असतो. नेमकी तेव्हाच, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. माणसाचा एक मोठा आवाज बंद आणि समुद्राचा आवाज कमाल, अशी स्थिती. डिसेंबरपासून मार्चपर्यंत समुद्र निवळतो, रात्री जमिनीवरून मतलई वारा वाहतो, लाटा फुटेनाशा होतात आणि बोटी भरात असतात. लाटांचा गोंगाट माणसाच्या गोंगाटाला झाकतो की नाही, याचे उत्तर इथे ऋतूगणिक उलटे येणार. वर्षाची सरासरी काढली तर हा सगळा फरक पुसला जातो, म्हणून आपल्या किनाऱ्यासाठी सरासरी हे माप कुचकामी ठरेल.

याच वेळापत्रकात प्रयोगाची एक नामी संधीही दडलेली आहे. ३१ जुलैच्या आधीचा आठवडा आणि १ ऑगस्टनंतरचा आठवडा यांत वारा-पाऊस पुष्कळदा सारखाच असतो, बदलतात त्या बोटी. अर्थात नारळी पौर्णिमेआधी दर्या उधाणलेला असेल तर अनेक तांडेल बोट काढत नाहीत, त्यामुळे तारीख बंदरागणिक थोडी पुढेमागे होईल. तरीही लाटांचा वाटा आणि बोटींचा वाटा वेगळा काढायला याहून सोयीचे दिवस जगात फार ठिकाणी नसतील.

उपाय आणि बाजू

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये जहाजांचा पाण्याखालचा आवाज कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२३ मध्ये ती सुधारली. प्रत्येक जहाजाने आपली ध्वनिव्यवस्थापन योजना बनवावी, असे त्यांत सुचवले आहे. तत्त्वे ऐच्छिक आहेत. युरोपीय संघाने २०२२ मध्ये मर्यादा ठरवून एक पाऊल पुढे टाकले: समुद्राच्या किती हिश्श्यात किती आवाज चालेल याचे माप त्यांनी घातले. व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून किलर व्हेलांच्या सामुद्रधुनीत जहाजांना वेग कमी करण्याची विनंती केली, शांत जहाजांना बंदरशुल्कात सवलत दिली, आणि आवाज उतरल्याचे मोजून दाखवले.

जहाजबांधणीतले लोक म्हणतात, पंख्याची घडण सुधारली तर इंधनही वाचते आणि आवाजही उतरतो. मालकांचे उत्तर असे, की दर वेळी दोन्ही साधत नाही, जुन्या जहाजाचा पंखा बदलणे खर्चाचे असते, आणि वेग कमी केला तर तेवढ्याच मालाला जास्त जहाजे लागतात. मंद पण जास्त वेळ चालणाऱ्या आवाजाचा एकूण हिशेब कसा लावायचा, हा त्यांचा प्रश्न खरा आहे.

नौदलांची भूमिका वेगळ्याच चिंतेची. मुंबईसारख्या नाविक तळाजवळच्या पाण्याचा आवाज ही संरक्षणाची माहिती आहे. पाणी कसा आवाज वाहते हे ज्याला कळते त्याला पाणबुडी कुठे लपेल हेही कळते. म्हणून कोचीच्या नौदल भौतिकी व सागरविज्ञान प्रयोगशाळेत जमणारे ज्ञान सहजी खुले होत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था भारतीय किनाऱ्यांवरच्या उथळ पाण्यातला आवाज मोजत आली आहे. पुण्यातून मेरिटाइम रिसर्च सेंटर चालवणारे निवृत्त नौदल अधिकारी डॉ. अर्णब दास अनेक वर्षे मांडत आहेत, की सुरक्षा, बंदरे, मासेमारी आणि पर्यावरण या चौघांनी पाण्याखालची माहिती मिळून गोळा करावी आणि वाटून घ्यावी. गुप्तता राखून किती वाटता येईल, यावर एकमत व्हायचे आहे.

मच्छीमारांच्या तक्रारीत आवाज क्वचितच सुटा येतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २०१५ मध्ये न्हावा, गव्हाण, उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई द्यायचा आदेश दिला. त्या लढ्याचा भर भराव, खारफुटीची तोड आणि भरतीच्या पाण्याची अडलेली वाट यांवर होता. मासळी घटण्याच्या इतक्या कारणांत आवाजाचा वाटा किती, हे कोणालाच वेगळे काढता आलेले नाही. आणि आवाजावर बंधने आली तर ती आपल्याच इंजिनांवर आधी येतील, ही मच्छीमारांची भीती निराधार नाही.

भारतीय कायद्यात देवमासे आणि डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराला भारताने १९९५ मध्ये मान्यता दिली. त्यातल्या प्रदूषणाच्या व्याख्येत समुद्रात सोडलेली 'ऊर्जा'ही येते, आणि आवाज ही ऊर्जाच. आधार आहे, पण पाण्याखालच्या आवाजाचे माप ठरवणारा नियम नाही.

काय बाकी आहे

उथळ, गाळाच्या पाण्यात आवाज किती अंतर जातो. घोळ-ढोम्यांचे थवे कोणत्या खाडीच्या तोंडाशी, कोणत्या महिन्यात, किती डेसिबलच्या गोंगाटापर्यंत एकमेकांना ऐकू शकतात. लहान बोटींचा एकूण भार किती. हे प्रश्न कोकणापुरते उघडे आहेत. त्यांना परदेशी आकड्यांनी उत्तर मिळणार नाही.

वाढवणचे बंदर यांत वेळेची अट घालते. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या या ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाची क्षमता वर्षाला २ कोटी ३० लाख कंटेनरांची ठरवली आहे, म्हणजे जेएनपीएच्या आजच्या उलाढालीच्या तिप्पट. तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर वीस मीटरची नैसर्गिक खोली मिळते, हे त्या जागेच्या निवडीचे मोठे कारण. ध्वनीच्या दृष्टीने त्याच खोलीचा अर्थ असा, की मुंबई बंदरात जी कमी कंप्रतेची घुमघुम तळात मरते तिची मर्यादा इथे निम्म्यावर येईल आणि ती अधिक दूर जाईल. मच्छीमारांनी या बंदराला केलेला विरोध आणि सरकारने मांडलेली आर्थिक बाजू यांचा निवाडा या लेखाचा विषय नाही. पण भराव आणि मोठी जहाजे येण्याआधी डहाणू-पालघरच्या पाण्याचा आवाज काय होता, हे नंतर कोणालाही मोजता येणार नाही.

म्हणून राज्य सरकार, बंदर प्राधिकरण आणि समुद्रविज्ञान संस्था यांना विनंती आहे. भरावाचे काम पुढे सरकण्याआधी डहाणू, सातपाटी, करंजा आणि मालवण या चार ठिकाणी निदान एक पूर्ण वर्षभर हायड्रोफोन पाण्यात ठेवावेत. मासेमारीबंदीच्या दोन्ही टोकांचे आठवडे त्यांत चुकू नयेत. नौदलाला जे झाकायचे ते झाकून उरलेल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या कराव्यात. हायड्रोफोन कुठे सोडायचे हे ठरवताना त्या गावांच्या तांडेलांना बरोबर घ्यावे, कारण घोळीचा थवा कोणत्या पाण्यात थांबतो हे त्यांना माहीत आहे.